बिल विदर्स: चौदा वर्षं गाणं, पस्तीस वर्षं मौन

(सोल संगीतावरील व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या खेपेला आपण रे चार्ल्स आणि सॅम कुक यांच्यापर्यंत आलो होतो. चर्चमधलं भक्तिगीत रस्त्यावर आलं, त्यातला देव बाजूला झाला, त्या जागी प्रेयसी आली, आणि या अदलाबदलीतून सोल नावाचं संगीत कसं उभं राहिलं ते आपण पाहिलं. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो या वंशावळीत नीट बसत नाही. त्याच्या गळ्यात ॲरेथा फ्रँकलिनसारखी ताना-मुरक्यांची श्रीमंती नाही. ओटिस रेडिंगसारखा तो घामाघूम होऊन रंगमंच हलवत नाही. बऱ्याचदा तो स्टुलावर बसतो, मांडीवर गिटार घेतो आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसा गातो. त्याचं नाव बिल विदर्स.

विदर्सविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक, विमानांसाठी संडास बनवणाऱ्या कारखान्यातला कामगार बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी अचानक स्टार झाला. दोन, ऐन बहरात त्याने गाणं सोडलं आणि मग पस्तीस वर्षं नवा अल्बम म्हणून केला नाही. दोन्ही गोष्टी ढोबळमानाने खऱ्या आहेत. पण दोन्हींनी मिळून त्याच्या गाण्यांवर अन्याय केलाय असं माझं मत आहे, कारण माणसाची गोष्ट इतकी छान आहे की गाणी ऐकायचीच राहून जातात. ‘साधा माणूस, साधी गाणी’ असं म्हणून लोक मोकळे होतात. आज मला या ‘साधेपणा’लाच जरा हात घालायचा आहे. तो साधेपणा कशाचा बनलाय, आणि पुढे तो कुठे हरवला, हे पाहू.

चरित्र भराभर सांगतो. ४ जुलै १९३८ चा जन्म. गाव स्लॅब फोर्क, राज्य वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाच्या खाणींचा मुलूख, वडील खाणकामगार. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा जवळच्या बेकली गावात आईच्या माणसांत वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा बोलताना अडखळायचा, तोतरा होता, आणि हे तोतरेपण मोठेपणीही बराच काळ टिकलं. अठराव्या वर्षाच्या आसपास तो नौदलात गेला. तिथे नऊ वर्षं. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला, कारखान्यांत नोकऱ्या केल्या आणि पगारातून पैसे बाजूला काढून स्वतःच्या खर्चाने गाण्यांचे नमुने ध्वनिमुद्रित करू लागला. ते फिरत फिरत क्लॅरेन्स अव्हांट या गृहस्थांकडे पोचले. त्यांची ससेक्स रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी होती. १९७१ मध्ये पहिला अल्बम निघाला, ‘जस्ट ॲज आय ॲम’.

त्या अल्बमचं मुखपृष्ठ जरूर पाहा. कारखान्याच्या भिंतीपाशी उभा असलेला विदर्स, हातात जेवणाचा डबा. फोटो खराखुरा जेवणाच्या सुट्टीत काढलेला आहे. नोकरी अजून सुटली नव्हती. गाण्याचा धंदा बेभरवशाचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अल्बमचा निर्माता होता बुकर टी. जोन्स, म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओचा कणा. साथीला ड्रमवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड डन, काही ठिकाणी गिटारवर स्टीफन स्टिल्स. बुकर टी. पुढे सांगत असत की पहिल्या दिवशी विदर्सने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ही गाणी म्हणणार कोण आहे? आपण फक्त गाणी लिहून आणली आहेत, गाणारा कुणीतरी दुसरा येईल, असं त्याला वाटत होतं म्हणे. (हशा)

हा किस्सा गमतीचा आहे, पण उपयोगाचाही आहे. हा माणूस आधी लिहिणारा आहे, मग गाणारा. त्याच्या गायकीची बरीचशी उकल तिथे होते. तो स्वतःच्या ओळींच्या आड येत नाही.

आता पहिलं गाणं घेऊ. ‘एन्ट नो सनशाइन’. हे तर भारतातही ज्यांना विदर्सचं नाव माहीत नाही त्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. लांबी जेमतेम दोन मिनिटं. कंपनीने ते एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. पुढच्या बाजूला ‘हार्लेम’ नावाचं गाणं होतं. रेडिओवरच्या लोकांनी रेकॉर्ड उलटी करून लावली, आणि गाणं बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी सर्वोत्तम रिदम अँड ब्लूज गाण्याचं ग्रॅमी मिळालं.

वरवर ते विरहाचं गाणं आहे. ती घरात नाही, ऊन नाही, घर घर वाटत नाही. एवढंच असतं तर असली गाणी पोत्याने आहेत. पण विदर्सने स्वतः सांगून ठेवलंय की हे गाणं त्याला ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ हा १९६२ चा सिनेमा पाहून सुचलं. जॅक लेमन आणि ली रेमिक यांचा तो सिनेमा दारूत बुडालेल्या नवराबायकोचा आहे. त्यांना ठाऊक असतं की हे आपल्याला मारतंय, तरी ती पुन्हा तिकडेच जातात. हे कळलं की गाणं बदलतं. निवेदक मध्येच स्वतःला बजावतो की या पोरीचा नाद सोडायला हवा. ती वाईट आहे असं तो कुठेच म्हणत नाही. पण ती जाते आणि येते, दर वेळी जास्त दिवस जाते, आणि आपल्याला तिच्याशिवाय करमत नाही हे त्याला स्वतःलाच पटत नाही. हे व्यसनाचं गाणं आहे, प्रेमगीताच्या कपड्यांत. १९७२ मध्ये कोवळ्या मायकेल जॅक्सनने हेच गाणं आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर गायलं. गळा अप्रतिम, पण ते पोर व्यसनाविषयी काय गाणार! ऐकताना फरक लगेच कळतो.

आणि मग ती प्रसिद्ध जागा. मध्येच गायक दोन छोटे शब्द धरून बसतो, ‘मला कळतंय’ अशा अर्थाचे, आणि तेच तेच सव्वीस वेळा म्हणतो. वाद्यं जवळजवळ मागे हटतात. खरं तर तिथे तो आणखी शब्द लिहिणार होता, कडवं पुरं व्हायचं होतं. स्टुडिओतल्या अनुभवी मंडळींनी सांगितलं की आहे तसंच राहू दे. त्याने ऐकलं, कारण ती मंडळी जाणती होती आणि हा नवखा. आता या जागेचा संबंध त्याच्या तोतरेपणाशी लावायचा मोह अनेकांना होतो. शब्द अडकणारा मुलगा मोठा झाला आणि अडकलेल्या शब्दाचंच त्याने गाणं केलं, वगैरे. ऐकायला सुंदर वाटतं. मला ते पटत नाही. तोतरेपणात पुढचा शब्द येत नाही. इथे पुढचा शब्द त्याला ठाऊक आहे आणि तो म्हणायचा नाहीये. ‘कळतंय, कळतंय’ असं आपण कधी म्हणतो? समोरचा उपदेश करतोय, तो बरोबर आहे, आणि आपल्याला ऐकायचं नाहीये, तेव्हा. इथे उपदेश करणाराही तोच आणि न ऐकणाराही तोच. दोन शब्दांत एवढं बसवणं आणि ते सव्वीस वेळा म्हणूनही कंटाळा येऊ न देणं याला साधेपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

याच अल्बमवर ‘ग्रँडमाज हँड्स’ आहे. आजीचे हात. आजी हा विषय कवितेत फार धोक्याचा असतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजी आली की लुगड्याचा वास येतो, गोधडी येते, डोळे पाणावतात आणि कविता संपते. विदर्स काय करतो? तो आजीचं वर्णनच करत नाही. चेहरा नाही, स्वभाव नाही. फक्त हात, आणि हात काय काम करतात ते. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, खंजिरी वाजवणारे, पोराला जपून पळ म्हणून बजावणारे, कधी दुखणारे, सुजणारे, गावातल्या एका कुमारी मातेला धीर देणारे, आईने मारायला हात उगारला की मध्ये पडणारे. प्रत्येक ओळीत एक क्रियापद आहे. प्रेम हा शब्द लागतच नाही. आणि चाल? जुन्या ब्लूजची, पायाने ठेका धरावा अशी. सुरुवातीला नुसतं गुणगुणणं आहे. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने त्या गुणगुणण्याचा तुकडा उचलून ‘नो डिगिटी’ बांधलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या तरुणांना नाचायला लावणारा ठेका एका म्हातारीच्या चर्चमधून आला होता, याची किती जणांना कल्पना असेल कोण जाणे.

आता १९७२. दुसरा अल्बम, ‘स्टिल बिल’. इथे साथीदार बदलले. ‘वॉट्स हंड्रेड अँड थर्ड स्ट्रीट रिदम बँड’ नावाच्या लॉस एंजेलिसच्या गटातले चौघे आले. ड्रमवर जेम्स गॅडसन, बेसवर मेल्विन डनलॅप, कळफलकावर रे जॅक्सन, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन. मला विचाराल तर विदर्सचं सर्वोत्तम काम या चौघांबरोबरचं आहे. याच अल्बमवर त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं आहे, ‘लीन ऑन मी’, आणि त्याच अल्बमवर त्याचं सगळ्यांत बेरकी गाणं आहे, ‘यूज मी’. पहिलं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, दुसरं दुसऱ्या. या दोन गाण्यांवर मी जरा थांबणार आहे.

‘लीन ऑन मी’ची चाल कशी झाली ते विदर्सने अनेकदा सांगितलंय. त्याने एक छोटा इलेक्ट्रिक पियानो विकत घेतला होता. वाजवता फारसं येत नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची आणि हात तसाच शेजारी सरकवत न्यायचा, वर आणि परत खाली. झालं गाणं. आपल्या भाषेत सांगायचं तर, पेटी शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या दिवशी जो पलटा देतात तोच. सा पासून एकेक पायरी म पर्यंत चढा, त्याच पायऱ्यांनी खाली या. ना कुठे उडी, ना कोमल-तीव्र भानगड. ज्याला सूर म्हणून ओळखता येत नाही तोही हे गाऊ शकतो. आणि हाच मुद्दा आहे. गाणं म्हणतंय की एकट्याने झेपत नसेल तर टेकू घ्या. ते गाणंच जर एकट्या उस्तादाला झेपणारं असतं तर त्याला काही अर्थ राहिला नसता. विदर्सने हे ठरवून केलं की बोटं अडाणी होती म्हणून झालं? बोटं अडाणी होती म्हणूनच झालं. पण झालेलं ओळखून ते तसंच ठेवायला कान लागतो.

या गाण्याची पुढे फार सभ्य अवस्था झाली. शाळेचं संमेलन, मदतनिधी, शोकसभा, जिथे तिथे हेच. १८ जानेवारी २००९ ला ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकासमोर जो कार्यक्रम झाला त्यात मेरी जे. ब्लाइजने हेच म्हटलं. अशा ठिकाणी ते परोपकाराचं गाणं होऊन जातं, बलवानाने दुबळ्याला दिलेला हात. पण शब्द नीट ऐका. त्यात म्हटलंय की आज तू माझ्यावर भार टाक, कारण उद्या-परवा मलाही कुणाची तरी गरज पडणार आहे. आणि गिळ तो अभिमान, कारण तू दाखवलीच नाहीस तर तुझी अडचण मी भागवणार कशी? हा दानधर्म नाहीये, हा व्यवहार आहे. आपल्या खेड्यांत याला फार नेमका शब्द आहे: सावड. माझ्या पेरणीला तू ये, तुझ्या पेरणीला मी येतो. बैल तुझा एक, माझा एक. उपकार कुणाचेच नाहीत, आणि हिशेब मात्र दोघांच्या डोक्यात पक्का. खाणींच्या गावात माणसं अशीच जगतात, तिथे आज शेजारच्या घरावर आपत्ती आली तर उद्या आपल्यावर येणार हे गृहीत असतं. विदर्स म्हणायचा की मोठ्या शहरात आल्यावर त्याला ते गाव आठवलं आणि त्यातून हे गाणं आलं. शहरी माणसाने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, किती उदात्त! त्यात रोजच्या देवघेवीची रोकड समज आहे, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

आणि आता त्याच अल्बमवरचं ‘यूज मी’. म्हटलं तर त्याच विषयाची दुसरी बाजू. मित्र सांगतायत, भाऊ सांगतोय, ती बाई तुला वापरून घेतेय. निवेदक म्हणतो, घेऊ दे. वापरून वापरून संपेपर्यंत घेऊ दे. गॅडसनचा ठेका आणि रे जॅक्सनच्या क्लॅव्हिनेटची ती तुटक, टोचणारी लकेर. कडव्यांमध्ये दोनच स्वरमेळ आलटूनपालटून येतात, गाणं पुढे सरकतच नाही, एका जागी घोळत राहतं. आणि शेवटी तो हळूच कबूल करतो की वापर दोन्हीकडून चाललाय. म्हणजे पुन्हा देवघेवच! फक्त इथे तिला नैतिक आधार नाही. एकाच माणसाने एकाच वर्षात, एकाच चौघांबरोबर ही दोन गाणी केली. ‘लीन ऑन मी’ शपथविधीला म्हणतात, ‘यूज मी’ कुणी म्हणणार नाही. पण दुसरं ऐकल्याशिवाय पहिलं पुरतं कळत नाही असं मी तर म्हणेन. ज्याला माणसं एकमेकांना कशी ओरबाडतात ते माहीत आहे त्याने सांगितलेला आधाराचा शब्द वजनदार वाटतो.

इथे एक तारखांची गोष्ट सांगून टाकतो. ‘लीन ऑन मी’ पहिल्या क्रमांकावर गेलं ते जुलै १९७२ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव सरळ अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मराठीत काळ्या अमेरिकेची ओळख झाली ती अशी, चळवळीच्या आणि साहित्याच्या वाटेने. त्यामुळे काळा कलावंत म्हटला की आपला कान आधी संताप शोधतो. संताप त्या काळच्या सोलमध्ये होताच. मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ १९७१ चं, कर्टिस मेफिल्डचं ‘सुपर फ्लाय’ १९७२ चं. त्यांच्यापुढे विदर्स मवाळ वाटू शकतो. पण ६ ऑक्टोबर १९७२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याची मैफल ध्वनिमुद्रित झाली, पुढच्या वर्षी तिची दुहेरी रेकॉर्ड निघाली, ती ऐका.

या मैफलीत एक गाणं आहे, ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’. व्हिएतनामहून उजवा हात गमावून आलेला पोरगा. गाणं म्हणजे त्याचं पत्र. लिहिता येत नाही म्हणून तो दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगतोय. आईला कळव, पाद्रीबुवांना प्रार्थना करायला सांग, आणि धाकट्या भावाला सैन्यात न्यायच्या आत वकिलाकरवी काहीतरी सवलत मिळते का बघ. युद्ध वाईट आहे असं एक वाक्य त्यात नाही. सरकारला शिवी नाही. आपल्याला गोळी का घातली हे त्या पोराला कळत नाही, कारण घालणाऱ्याचं त्याने काहीच बिघडवलं नव्हतं. आणि हे गाणारा माणूस नऊ वर्षं लष्करी गणवेशात होता हे ध्यानात घ्या. पत्र सांगून लिहून घेणं ही कल्पना वरवर किती साधी आहे, पण तिच्यामुळे काय होतं? ऐकणारा प्रत्येक जण तो लिहून घेणारा होतो. जो हात नाहीये त्या जागी आपला हात येतो. निषेधगीत म्हणून मला हे त्या दशकातल्या भल्याभल्यांच्या वरचं वाटतं. ते फारसं गाजलं नाही. अडीच मिनिटांच्या रेडिओच्या चौकटीत ते बसणारही नव्हतं.

कार्नेगी हॉलची ती मैफल म्हणजे शिखर. त्यानंतर काय झालं? १९७४ चा ‘जस्टमेंट्स’ चांगला होता, पण कंपनीशी पैशांवरून बिनसलं. एका मुलाखतीत विदर्सने सांगितलंय की रागाच्या भरात त्याने ध्वनिमुद्रित केलेला एक अख्खा अल्बम पुसून टाकला. १९७५ मध्ये ससेक्स बंद पडली आणि तो कोलंबियाकडे गेला. मोठी कंपनी, मोठा पैसा, दर वर्षाला एक अल्बम. १९७५, ७६, ७७, ७८, चार वर्षांत चार.

विदर्सचे चाहते इथे सगळा दोष कंपनीवर टाकतात. दोष आहेच. त्याला काय गावं ते सांगणारे अधिकारी तिथे होते. एकाने त्याला एल्व्हिस प्रेस्लीने गाजवलेलं ‘इन द घेटो’ पुन्हा गायला सुचवलं होतं. खाणीच्या गावातून आलेल्या काळ्या गीतकाराला, गोऱ्या गायकाने गायलेलं काळ्या वस्तीचं गाणं! असल्या गोऱ्या तज्ज्ञांना विदर्सने ‘ब्लॅक्स्पर्ट’ असं नाव ठेवलं होतं. (हशा) पण कोलंबियाचे अल्बम ऐकताना मला आणखी एक गोष्ट खटकते, आणि ती फक्त कंपनीची करणी नाही. ओळींमधली क्रियापदं कमी झाली. आजीच्या हातांना दहा कामं होती. आता गाण्यांतली माणसं नुसती एकमेकांवर प्रेम करतायत, सकाळ सुंदर आहे, आणि मागे तंतुवाद्यांचा ताफा सगळ्या फटी बुजवतोय. ज्या गाण्यांची ताकद मोकळ्या जागेत होती, त्यांत जागाच उरली नाही.

अपवाद आहेत. ‘हॅलो लाइक बिफोर’ ऐका, १९७५ चं. जुनी प्रेमी माणसं पुष्कळ दिवसांनी भेटतात आणि फार सभ्यपणे बोलतात, एवढाच प्रसंग. आणि अर्थात ‘लव्हली डे’, १९७७ चं, स्किप स्कारबरोबरोबर लिहिलेलं. त्याच्या अखेरीस विदर्स एक सूर अठरा सेकंद धरतो, त्याचं पाश्चात्त्य श्रोत्यांना फार अप्रूप. सवाई गंधर्वला रात्रभर बसणाऱ्यांना अठरा सेकंदांचं काय कौतुक, आपण याहून लांब षड्ज ऐकलेत. पण तो सूर कसा आहे ते बघा. त्यात कंप नाही, फुगवटा नाही, ‘पाहा मी किती वेळ धरला’ असा आव नाही. खाली ठेका चालू आहे आणि वर ऊन पडावं तसा तो नुसता पडून आहे. सहा वर्षांपूर्वी ज्याने ऊन नसल्याचं गाणं केलं त्याचाच हा सूर.

१९७८ नंतर कोलंबियाकडे त्याचा अल्बमच निघेना. सात वर्षं गेली. या मधल्या काळात त्याचं सर्वांत गाजलेलं काम दुसऱ्याच्या रेकॉर्डवर झालं: सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या १९८० च्या ‘वाइनलाइट’ अल्बमवरचं ‘जस्ट द टू ऑफ अस’. मूळ रचना राल्फ मॅकडोनाल्ड आणि विल्यम सॉल्टर यांची, विदर्सने शब्दांवर हात फिरवला आणि गायलं. दुसरा क्रमांक, दुसरं ग्रॅमी. गाणं गुळगुळीत आहे, कानाला गोड आहे, मी गाडीत ऐकतो. त्याविषयी याहून जास्त बोलण्यासारखं मला काही सापडत नाही. १९८५ मध्ये ‘वॉचिंग यू वॉचिंग मी’ आला आणि ते शेवटचं. आठ स्टुडिओ अल्बम, एक मैफल, बस्स.

मग मौन. या मौनाचं आपल्याकडे फार लवकर अध्यात्म होतं. विरक्त झाला, संन्यास घेतला, मोह सोडला. जरा सबुरीने घेऊ या. सात वर्षं ज्याला अल्बम काढू दिला नाही त्याने धंदा सोडला, यात वैराग्यापेक्षा वैताग जास्त आहे. आणि दुसरी गोष्ट, मौन परवडावं लागतं. विदर्स गीतकार होता. गायक गायला तरच त्याची कमाई. गीतकाराला मात्र दुसऱ्या कुणी त्याचं गाणं गायलं, सिनेमात वापरलं, त्याचा तुकडा उचलला, तरी पैसे येतात. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने ‘लीन ऑन मी’ नव्या ठेक्यात केलं, तेही पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि विदर्सला गीतकार म्हणून तिसरं ग्रॅमी मिळालं, घरी बसून. त्याची तिन्ही ग्रॅमी एकाच प्रकारातली आहेत, गाणं लिहिण्याबद्दलची. पत्नी मार्शा यांनी गाण्यांच्या हक्कांचा कारभार सांभाळला. सोलच्या इतिहासात किती मोठे गायक शेवटी कर्जात, हक्क गमावून, सत्तराव्या वर्षी गावोगाव तीच चार गाणी म्हणत हिंडले ते आठवा. विदर्सला तसं हिंडावं लागलं नाही, कारण शब्द त्याचे होते.

तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या, नौदलात राहिलेल्या, खाणीच्या गावातल्या माणसाने १९७१ ते ७४ या चार वर्षांत आपलं सगळं साठवलेलं आयुष्य गाण्यात ओतलं. तेहतीस वर्षांचा साठा होता तो. तो संपला तेव्हा नवं काही साठवायला त्याला वेळच मिळाला नाही, तो स्टुडिओत होता. उशिरा सुरुवात करणाऱ्या बऱ्याच लेखकांचं असं होतं, पहिल्या दोन पुस्तकांत सगळं येतं. मग १९८५ नंतर तो पुन्हा साधा नागरिक झाला, मुलं वाढवली, घर बांधलं, माणसांत राहिला. म्हणजे साठा पुन्हा भरत असणार! पस्तीस वर्षांचा. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. २००९ च्या ‘स्टिल बिल’ या माहितीपटात तो घरच्या स्टुडिओत काहीबाही गुणगुणताना दिसतो, तोतऱ्या मुलांच्या एका नाट्यगटाला भेटतो आणि त्यांच्यापुढे त्याचे डोळे भरून येतात. त्या मुलांना तो जे सांगतो त्यात मला एक अख्खं न लिहिलेलं गाणं दिसतं. कंपन्यांनी त्याला पळवून लावलं याचा मला राग येतो तो इथे. सत्तर वर्षांच्या बिल विदर्सने म्हातारपणाविषयी काय लिहिलं असतं, हे आपल्याला मिळालं नाही. तो सुखी होता ही गोष्ट वेगळी. त्याच्या सुखाने आपलं नुकसान भरून येत नाही.

२०१५ मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सन्मान स्टीव्ही वंडरने केला, गाणीही मुख्यतः स्टीव्ही वंडर आणि जॉन लेजंड यांनीच म्हटली. विदर्सने भाषण मात्र झकास केलं, टाळ्या आणि हशे घेतले. ३० मार्च २०२० ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, हृदयविकाराने, वय ८१. ते टाळेबंदीचे दिवस होते. त्याच आठवड्यांत जगभर लोक घराघरांतून ‘लीन ऑन मी’ म्हणत होते, बहुतेक बेसूर.

आता प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी कार्नेगी हॉलमधलं ते पत्राचं गाणं आपण पूर्ण ऐकणार आहोत. साडेसहा-सात मिनिटांचं आहे. सुरुवातीला तो बराच वेळ नुसता बोलतो, तेही गाण्याचाच भाग समजा. मागचे दिवे जरा कमी करता येतील का? हां, पुरे.